मुरुडचे अण्णा कर्वे : परीक्षेसाठी घाट चढलेल्या पोरापासून नर्सिंग कॉलेजपर्यंत

दापोली तालुका : मुरुड म्हटलं की हल्ली लोकांना समुद्रकिनारा, डॉल्फिन बघायची बोट आणि शनिवार-रविवारची गाड्यांची रांग आठवते. त्यातही बरेच पाहुणे रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याशी आपल्या मुरुडची गल्लत करतात. हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं, नारळी-पोफळीच्या आगरांचं हे आपलं मुरुड म्हणजे भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. शाळेत आपण सगळ्यांनी त्यांच्यावर चार ओळी पाठ केल्या आहेत. विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ काढलं, १०४ वर्षं जगले. पेपरात तेवढं लिहिलं की मार्क मिळायचे.

पण दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून एक प्रश्न ऐकू येतो. मुलीला एएनएम करू की जीएनएम? आणि उपकेंद्रात पाच-दहा वर्षं नोकरी झालेल्या नर्सबाईंचाही एक प्रश्न असतो. आता तिशी उलटली, पोरं शाळेत जातात, पुढचं शिक्षण घेऊन पूर्ण नर्स व्हावं का, की वय निघून गेलं? या प्रश्नांचा आणि अण्णा कर्व्यांचा संबंध काय, असं कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. म्हणून त्यांचं आयुष्य जरा त्या बाजूने बघूया.

सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून

धोंडो कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी शेरवलीला झाला. वाढले मुरुडला. घरची परिस्थिती बेताची. गावात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. पोरांनी नुसते धडे गिरवू नयेत, गावाचं कामही करावं, अशी त्यांची रीत. देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम लहान धोंडूकडे असायचं. चारचौघांत बोलायला हा मुलगा आयुष्यभर बुजला, पण गावासाठी काहीतरी करायचं असतं हे तेव्हाच डोक्यात बसलं.

त्या काळी सहावी इयत्तेची सरकारी परीक्षा पास झाली की नोकरीचा दाखला मिळायचा. परीक्षेचं केंद्र गावाजवळ नव्हतं. साल १८७५, महिना सप्टेंबर. पावसाळी समुद्र, मुंबईला जायला बोट नाही. मग मुरुडच्या चार पोरांनी ठरवलं की चालत साताऱ्याला जायचं. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे आजचे पावणेदोनशे किलोमीटर. पाठीला ओझं, वरून पाऊस, नद्यानाले भरलेले आणि समोर सह्याद्री. आज आपण चिपळूणहून कुंभार्ली घाटाने एसटीत बसून पाटणला उतरतो, तरी पावसात जीव मुठीत धरतो. ही पोरं पायी गेली. चार दिवसांनी साताऱ्याला पोचली.

परीक्षेला बसायला वय १७ पूर्ण लागत होतं. धोंडूचं वय पूर्ण होतं, पण अंगाने किरकोळ. कमिटीच्या प्रमुखाने बघितलं आणि हा सतराचा नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आले तसे परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाले.

ही गोष्ट सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. ती आहेच. पण तिच्यात दुसरंही काहीतरी आहे. मुलगा हुशार होता, तयार होता, फी भरायला तयार होता. अडवलं ते केंद्राच्या अंतराने आणि एका माणसाच्या नजरेने. ज्याच्या वाट्याला हे एकदा आलं, त्याने पुढे स्वतः विद्यापीठ काढलं तेव्हा दूरच्या आणि उशिरा शिकणाऱ्या बायकांचा विचार आधी केला. माझ्या मते याचं मूळ साताऱ्याच्या त्या फेरीत आहे.

तेविसाव्या वर्षी मॅट्रिक

पुढे इंग्रजी शिकायचं म्हणून रत्नागिरी गाठली, पण आजारपणामुळे गावी यावं लागलं. मग १८७८ मध्ये मुंबई. तिथे रॉबर्ट मनी शाळेत शिकून १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा वय २३. आजच्या हिशोबाने पोरगं या वयात पदवी घेऊन बसलेलं असतं. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. लग्न तर चौदाव्या वर्षीच झालं होतं, बायको राधाबाई तेव्हा आठ वर्षांच्या. म्हणजे घरसंसार सांभाळत, शिकवण्या करत हे शिक्षण झालं. मुंबईत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावत त्यांनी तास घेतले, त्यांत मुलींच्या शाळाही होत्या.

गावाला ते विसरले नाहीत. कमवायला लागल्यावर मुरुडच्या लोकांनी आपल्या कमाईतला थोडा भाग गावासाठी बाजूला काढावा, म्हणून त्यांनी मुरुड फंड सुरू केला. हल्ली मुंबईकर मंडळी गावच्या देवळासाठी वर्गणी काढतात, तसंच, फक्त हा पैसा शिक्षणासारख्या कामाकडे वळवायचा होता.

१८९१ मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले आणि १९१४ पर्यंत तिथेच राहिले.

मुरुडने टाकलेला मुलगा

बायको वारल्यावर त्या काळी पुरुषाने दुसरं लग्न करणं म्हणजे काहीच विशेष नव्हतं. दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळायची. कर्व्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण, माहेर आपल्याच जिल्ह्यातलं देवरुख. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया म्हणत.

मुरुडला बातमी कळली तेव्हा गाव खवळला. सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला. धोंडोपंत घरी येऊन राहिले तर आई आणि भावाच्या घरालाही वाळीत टाकायचं, असं ठरलं. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाचे दरवाजे बंद झाले. आईला भेटायचं म्हणजे आईला संकटात टाकायचं. हे दुःख साधं नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय हे कोकणात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. विहीर, लग्न, मयत, सगळ्यालाच टाळं.

अण्णांनी गावाशी भांडण केलं नाही, माफीही मागितली नाही. आपलं काम धरून राहिले. पुढे काळ बदलला आणि आज गाव त्यांचं नाव अभिमानाने लावतं. पण हे सांगताना बहिष्काराची गोष्ट गाळू नये. गाळली तर त्या माणसाने काय किंमत मोजली ते कळत नाही.

हिंगण्याची झोपडी आणि बायांचं शिक्षण

१८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. विधवांचं पुनर्लग्न लावून देण्यापेक्षा त्यांना शिकवून पायावर उभं करणं जास्त महत्त्वाचं, असं अण्णांचं मत होत गेलं होतं. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली, तिथे झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटल्यावर अण्णा चालत हिंगण्याला जायचे, तिथे शिकवायचे, आणि सकाळी परत कॉलेजला. चिखल, काळोख, कशाचीच तमा नाही. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावावर करून टाकली.

घरी चूल कशी पेटायची, हा प्रश्न मग बायांवर येऊन पडला. महर्षींच्या गोष्टीत या बाईचं नाव मागे राहतं, आणि आपल्या विषयासाठी तर तीच महत्त्वाची. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं. लहान मुलाची आई, एकदा विधवा होऊन पुन्हा लग्न केलेली, समाजाने टाकलेली, आणि परगावी जाऊन बाळंतपणाचं शास्त्र शिकते. आज ३० वर्षांची एएनएम जेव्हा म्हणते की पोर लहान आहे, कशी शिकू, तेव्हा तिच्या आधी याच जिल्ह्यातली एक बाई सव्वाशे वर्षांपूर्वी या वाटेने गेलेली आहे.

त्या काळी दवाखान्यात रोग्याची सेवा करणं हे घरंदाज बाईचं काम समजत नसत. परक्याचं अंग पुसायचं, रक्त-लघवी काढायची, रात्रपाळी करायची म्हणजे लोकांच्या जिभा चालायच्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने मुलींना, विधवांना नर्सचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. एकाच शहरात ही दोन कामं शेजारीशेजारी चालली. हिंगण्याला बाईला वाचायला शिकवत होते, सेवासदनात तिच्या हाताला काम देत होते. आपल्याकडची शिकलेली नर्स या दोन्हींतून पुढे आली.

अण्णांच्या घरातही आरोग्याचं काम पुढे चाललं. मुरुडला जन्मलेला थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, याने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्याला खूप सोसावं लागलं. आज उपकेंद्रातली सिस्टर वाडीत जाऊन कुटुंब नियोजनाबद्दल सहज बोलते, पण हेच बोलल्याबद्दल शंभर वर्षांपूर्वी एका माणसावर सगळे तुटून पडले होते. दुसरा मुलगा शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला.

पाच विद्यार्थिनींचं विद्यापीठ

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. त्यावरून १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी भारतात महिलांसाठी वेगळं विद्यापीठ काढायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही झालं. कॉलेजात पहिल्यांदा विद्यार्थिनी किती? पाच. आपल्याकडे एखाद्या वाडीच्या शाळेत पाच पोरं उरली तर ती बंद करायची चर्चा सुरू होते. अण्णांनी पाचांवर विद्यापीठ चालवलं.

या विद्यापीठाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी विषय म्हणून. दोन, अभ्यासक्रमात आरोग्य आणि घरशास्त्र यांना जागा. तीन, ज्या बाईला कॉलेजात येऊन राहता येत नाही तिने घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा द्यायची सोय. लग्न झालं, पोरं झाली, सासर खेड्यात, तरी दार उघडं. तेव्हा यावर टीका खूप झाली. मातृभाषेतली पदवी कमी दर्जाची, बायकांसाठी सोपं करून ठेवलंय, असं मोठमोठे लोक बोलले. अण्णा फिरत राहिले आणि निधी गोळा करत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे एसएनडीटी. सरकारी कायद्याने पूर्ण मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडलं. सुरुवात आणि मान्यता यांच्यात ३५ वर्षं गेली.

म्हातारपणीही अण्णा थांबले नाहीत. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि दारोदार फिरून थोडे थोडे पैसे जमवले. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये शंभरीत भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज मुंबईत सुरू झालं. मुरुडच्या माणसाच्या विद्यापीठात नर्सिंगची पदवी मिळू लागली. ते बघायला अण्णा नव्हते, बायाही नव्हत्या.

आजची शिडी किती पायऱ्यांची

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. एएनएम हा २ वर्षांचा कोर्स. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, किमान वय १७. हो, तेच १७, ज्यावरून धोंडू कर्व्यांना परत पाठवलं होतं. फक्त आता नजरेवर नाही, दाखल्यावर ठरतं. एएनएम झाली की नोंदणी होते ती सहाय्यक परिचारिका म्हणून. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, बाळंतपण, घरभेटी, रजिस्टरं, सगळा भार तिच्यावर. नियमाप्रमाणे डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र. आपल्या भागात ही लोकसंख्या चार डोंगर आणि दोन खाड्यांवर पसरलेली असते, ते कागदावर दिसत नाही.

पूर्ण नोंदणीकृत नर्स व्हायचं तर जीएनएम, ३ वर्षं. एएनएम म्हणून नोंदणी असलेल्या बाईला जीएनएमला प्रवेश घेता येतो. पण आधीच्या २ वर्षांची वजावट मिळत नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, मग औषध-शस्त्रक्रिया विभागातली शुश्रूषा, बालरोग, मनोरुग्ण, आणि शेवटी पुन्हा प्रसूतिशास्त्र. जिने उपकेंद्रात कितीतरी बाळंतपणं केली तीही तिथे नवखीच धरली जाते. त्यानंतर पदवी हवी तर पोस्ट बेसिक बीएस्सी, आणखी २ वर्षं. म्हणजे बारावीनंतर एएनएमच्या वाटेने गेलं तर एकूण ७ वर्षं. विज्ञान शाखेतून थेट बीएस्सी नर्सिंगला गेलेली मुलगी ४ वर्षांत तिथे पोचते. हा फरक दहावीनंतर शाखा निवडतानाच पडतो, आणि खेड्यातल्या मुलीला तो सांगायला तेव्हा कोणी नसतं. बारावी कला शाखेतून झाली असेल, तरी इंग्रजी विषय आणि गुणांची अट पुरी होत असेल तर थेट जीएनएमसाठी प्रयत्न करता येतो, हेसुद्धा बऱ्याच घरांत माहीत नसतं.

नर्सिंग घरी बसून शिकता येत नाही, हेही खरं. वॉर्डात उभं राहून, रोग्याच्या खाटेशेजारी तास भरावेच लागतात. तिथे अण्णांची बाहेरून परीक्षेची सोय जशीच्या तशी लागू होणार नाही. आणि होऊही नये, कारण शेवटी प्रश्न आपल्याच माणसाच्या जिवाचा आहे. पण त्या सोयीमागचा विचार लागू होतो. शिकणाऱ्या बाईची अडचण आधी बघायची आणि व्यवस्था तिच्याभोवती उभी करायची. केलेल्या नोकरीचा अनुभव अभ्यासात धरता येणार नाही का? इंग्रजी पुस्तकांशेजारी चांगलं मराठी पुस्तक देता येणार नाही का? अभ्यासासाठी रजा मिळाली तर तिच्या जागी उपकेंद्रात दुसरी सिस्टर वेळेवर येईल का? नाहीतर ती शिकायला गेली की वाडीतली गरोदर बाई उघडी पडते, आणि त्या भीतीनेच ती जात नाही.

ज्यांना यंदा प्रवेश घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक सांगणं. संस्था भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग परिषद यांच्या मान्यतेची आहे का, ते पैसे भरायच्या आधी बघा. मान्यता चालू वर्षाची आहे का, तेही बघा. वॉर्डातलं शिक्षण कुठल्या रुग्णालयात होणार, तिथे खाटा किती, हे तोंडावर विचारा. जाहिरातीत नोकरीची हमी लिहिलेली असते, त्यावर जाऊ नका. आणि नोकरीत असाल तर आपल्या कार्यालयात रजेचे नियम लेखी मागा.

वयाचं म्हणाल, तर मॅट्रिक तेविसाव्या वर्षी, विद्यापीठ अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि खेड्यांतल्या शाळांचं काम अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हा हिशोब मुरुडच्याच माणसाचा आहे. त्याला अडवणारे भेटले, वाळीत टाकणारेही भेटले. तो चालत राहिला हे खरंच, पण दुसऱ्यांना तेवढं चालावं लागू नये म्हणून त्याने वाटही बांधली. आपल्या तालुक्यातल्या नर्सबाईंना जिद्द शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडे भरपूर आहे. वाट जवळ आणायचं काम मात्र अजून बाकी आहे.